पाण्याचा जमाखर्च
(इयत्ता ४ थी व ५ वी, परिसर अभ्यास : शिक्षकांसाठी पाठ)

पाण्याचे चक्र हा विषय प्राथमिक शाळेत दरवर्षी शिकविला जातो. समुद्र, ढग, डोंगर व नदी यांचे चित्र फळ्यावर काढले जाते, त्यांमध्ये बाण दाखविले जातात आणि मुले ते चित्र वहीत उतरवून घेतात. परीक्षेत उत्तरही बरोबर येते. परंतु चक्र पाठ म्हणून दाखविणाऱ्या त्याच मुलास, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरातील पाणी कोठे गेले, असे विचारले तर तो गोंधळतो. आणि घरात धाकट्या भावास हगवण लागली असता त्यास पाणी द्यावे की देऊ नये, या प्रश्नाचा त्या चित्राशी काही संबंध आहे हे त्याच्या ध्यानीही येत नाही. विषय पाठ झाला, पण समजला नाही, असाच याचा अर्थ होय.

यावर एक सोपा उपाय आहे. पाण्याकडे चक्र म्हणून पाहण्याबरोबरच जमाखर्च म्हणून पाहावयास मुलांना शिकवावे. दुकानदाराच्या खतावणीत जशी एक बाजू जमेची व एक बाजू खर्चाची असते, तशीच ती तलावाला असते, शेताला असते, झाडाला असते आणि माणसाच्या देहालाही असते. जमा व खर्च यांचा मेळ बसला तर सर्व सुरळीत चालते. खर्च वाढला आणि जमा थांबली की तूट येते. ही तूट कोणास किती लवकर भोवते, हे समजणे हाच या पाठाचा खरा हेतू आहे.

१. आकाशाकडून होणारी जमा

पाठाचा आरंभ आपल्या जिल्ह्यापासून करावा. पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस पडतो. पश्चिमेस लोणावळ्याला तो चार हजार मिलिमीटरच्या आसपास असतो. पूर्वेस दौंड-बारामतीकडे जावे तो तो घटत पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक का पडावा, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा.

अरबी समुद्रावरून येणारा वारा बाष्पाने भरलेला असतो. सह्याद्रीच्या भिंतीशी येताच त्याला वर चढावे लागते. वर जाताना तो प्रसरण पावतो व थंड होतो. थंड हवेत बाष्प कमी मावते, म्हणून जादा बाष्पाचे थेंब होतात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. घाट उतरून वारा पुण्याकडे येईतो त्याची थैली बरीच रिकामी झालेली असते, आणि खाली उतरणारी हवा पुन्हा उबदार होत असल्याने उरलेले बाष्पही सहजासहजी पाणी होत नाही. यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

म्हणूनच पुणे शहर स्वतःवर पडणाऱ्या पावसावर जगत नाही. ते घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसावर जगते. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पूर्ण झाले. त्याच्या वरच्या अंगास पुढे पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फुटली आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. अवचित आलेली जमा सांभाळता आली नाही तर तीही घातक ठरते, हे सांगण्यास हे उदाहरण पुरेसे आहे. दोन्ही धरणे पुढे पुन्हा बांधण्यात आली. आज या चारही धरणांचा उपयुक्त साठा मिळून सुमारे २९ टीएमसी होतो. वर्तमानपत्रातील ‘टीएमसी’ म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर, हे शिक्षकांनी मुलांस सांगावे.

पाऊस मिलिमीटरात का मोजतात, हे मुलांस सहसा कळत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा एक मिलिमीटर पावसाचे एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर पाणी जमा होते. शाळेची खोली ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल, तर ७०० मिलिमीटर पावसात तिच्या छपरावर ३३,६०० लिटर पाणी पडते. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. आपल्या छपरावरून एवढे पाणी दरवर्षी वाहून जाते, हे पाहून मुले आपोआप विचार करू लागतात.

२. न दिसणारा खर्च

जमा डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते. खर्चाचा मोठा भाग मात्र गुपचूप होतो. ओढ्याने वाहून गेलेले पाणी दिसते, जमिनीत मुरलेले निदान कल्पिता येते. पण हवेत उडून गेलेले पाणी कोणासच दिसत नाही. हेच बाष्पीभवन होय.

प्रयोग पहिला. एका मापट्याने सारखेच पाणी मोजून ते तीन भांड्यांत घालावे : एका पसरट ताटलीत, एका अरुंद तोंडाच्या लोट्यात आणि एका दुसऱ्या ताटलीत. पहिली ताटली व लोटा उन्हात ठेवावेत, दुसरी ताटली वर्गातील सावलीत ठेवावी. शाळा सुटताना तिन्हींतील पाणी पुन्हा मोजावे. उन्हातील ताटलीत सर्वांत कमी पाणी उरलेले दिसेल. पृष्ठभाग जितका मोठा, ऊन व वारा जितके अधिक, आणि हवा जितकी कोरडी, तितका खर्च अधिक, हा नियम मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगावा.

आता हाच नियम गावाच्या शेततळ्यास लावावा. हवामान वेधशाळांत एका ठराविक मापाच्या पसरट तवकात पाणी ठेवून रोज किती उडाले हे मोजतात. आपल्या भागात भर उन्हाळ्यात असे सुमारे आठ मिलिमीटर, कधी त्याहूनही अधिक, पाणी एका दिवसात उडते. शेततळे ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असेल तर त्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर झाला. आठ मिलिमीटरने गुणिले असता रोज ७,२०० लिटर पाणी कोणीही न उपसता नाहीसे होते. तळाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर मुरणे थांबते, उडणे थांबत नाही.

पुण्याचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणून हौदांत सोडण्यात आले. उघड्या पाटापेक्षा झाकलेल्या नळाचा लाभ कोणता, हे प्रयोग पाहिलेल्या मुलास सांगावे लागणार नाही.

शेतातही हाच जमाखर्च चालतो. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीचा शाळू येतो. ओल उडू नये म्हणून शेतकरी कोळपणी करतो. वरची माती मोकळी झाली की भेगा बुजतात आणि खालची ओल वर चढून वाऱ्याच्या हाती लागत नाही. शेतकरी कोळपणीस अर्ध्या पाण्याची योग्यता देतात ती यामुळेच.

३. झाडाचा जमाखर्च

झाड मुळांनी पाणी घेते आणि पानांनी ते सोडते. घेतलेल्या पाण्यापैकी अगदी थोडे पाणी झाडाच्या वाढीस लागते; बहुतेक सर्व पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून बाष्परूपाने बाहेर जाते. या छिद्रांना पर्णरंध्रे आणि या क्रियेस बाष्पोच्छ्वास म्हणतात.

प्रयोग दुसरा. शाळेच्या आवारातील करंज, लिंब अथवा जास्वंदीच्या पानांनी भरलेल्या फांदीवर सकाळी कोरडी, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवून तोंड दोऱ्याने घट्ट बांधावे. दुपारपर्यंत पिशवीच्या आतल्या बाजूस थेंब जमतात. शेजारीच एक रिकामी पिशवी फुगवून बांधून ठेवावी, म्हणजे थेंब हवेतून आले नसून पानांतून आले याची मुलांस खात्री पटते.

प्रयोग तिसरा. पावसाळ्यात तेरड्याचे रोप मुळांसह हलकेच उपटून, मुळे धुऊन, लाल शाईच्या पाण्यात उभे करावे. काही तासांत त्याच्या पातळ देठातून रंग वर चढताना दिसतो. पाण्याची जमा कोणत्या वाटेने येते, हे यावरून कळते.

झाडाने हा खर्च थांबवून का टाकू नये, असे एखादा हुशार मुलगा विचारील. त्याचे उत्तर असे की, अन्न तयार करण्यास लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू त्याच छिद्रांतून आत येतो. दार बंद केले तर पाणी वाचते, पण उपासमार होते. म्हणून प्रत्येक झाडाने आपापली तडजोड काढलेली आहे. पुण्याच्या टेकड्यांवरील पळस व सालई उन्हाळा जवळ येताच पाने गाळतात. ज्वारीचे पान उन्हात गुंडाळते. फड्या निवडुंग व घायपात दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या थंड हवेत उघडतात, म्हणून बांधावर कोणी पाणी न घालताही ती वर्षानुवर्षे जगतात.

४. प्राण्यांच्या युक्त्या

प्राण्यांच्या जमेच्या तीन वाटा आहेत : पिणे, अन्नातील पाणी आणि अन्न शरीरात जळताना नव्याने तयार होणारे पाणी. या तिसऱ्या वाटेचे उत्तम उदाहरण घरातल्या कणगीतच सापडते. ज्वारी-गव्हातील सोंडे कधीही पाणी पीत नाहीत. कोरड्या दाण्यात जो थोडा ओलावा असतो तो आणि दाणा पचताना शरीरात तयार होणारे पाणी यांवरच त्यांचा निर्वाह होतो.

खर्चाच्या बाजूसही युक्त्या आहेत. भिंतीवरील पालीची विष्ठा मुलांना ठाऊक असते. तिच्या काळ्या तुकड्याच्या टोकास पांढरा ठिपका असतो. पक्ष्यांच्या विष्ठेतही असाच पांढरा भाग दिसतो. आपण जी घाण पुष्कळशा पाण्यात विरघळवून मूत्राने बाहेर टाकतो, तीच पाल व पक्षी जवळजवळ घट्ट रूपात टाकतात आणि पाणी वाचवितात. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याची ओली त्वचाच पाणी शोषून घेते. पण त्याच त्वचेतून पाणी उडतेही, म्हणून उन्हाळ्यात तो ओल्या मातीत गाडून घेतो. म्हशीस घाम फार थोडा येतो, म्हणून अंग थंड राखण्यासाठी ती डबक्यात बसते. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, म्हणजे जिभेवरचे व श्वासमार्गातील पाणी उडवून तो अंगातील उष्णता घालवितो. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, हे माठाच्या उदाहरणाने समजावून द्यावे. माठ पाझरतो म्हणूनच त्यातील पाणी गार होते. आणि माणसास घाम येतो तोही त्याच कारणाने.

५. माणसाच्या देहाचा ताळेबंद

प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असते. नवजात अर्भकात तो ७५ टक्क्यांच्या घरात असतो. साध्या हवामानात, फारसे अंगमेहनतीचे काम न करणाऱ्या माणसाचा एका दिवसाचा ताळेबंद सुमारे पुढीलप्रमाणे असतो. तो फळ्यावर दोन रकान्यांत लिहावा.

जमा : पिण्यावाटे १,५०० मिलिलिटर, अन्नातून ७५०, शरीरात तयार होणारे २५०. एकूण २,५००.
खर्च : मूत्रावाटे १,५०० मिलिलिटर, श्वासावाटे व त्वचेतून नकळत ७००, घामावाटे २००, मलावाटे १००. एकूण २,५००.

श्वासावाटे पाणी जाते यावर मुलांचा विश्वास बसत नाही. त्यांना कोरड्या पाटीवर तोंडाने हवा सोडण्यास सांगावे. पाटीवर ओलसर डाग उमटतो व क्षणात नाहीसा होतो. पाणी दिसणे व पाणी उडून जाणे, या दोन्ही गोष्टी एका श्वासात पाहावयास मिळतात.

उन्हात कष्ट करणाऱ्याच्या घामाचा आकडा मात्र २०० वर राहत नाही. तो तासाला एक लिटरपर्यंतही जातो. चैत्र-वैशाखात दूरच्या वाडीवरून चालत येणारे मूल शाळेत पोहोचते तेव्हा त्याच्या खात्यात तूट पडलेलीच असते. तहान ही त्या तुटीची उशिरा आलेली सूचना असते. काही मुली शौचालयास जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, हेही शिक्षकांनी लक्षात घेतले पाहिजे. शाळेत दोन-तीन ठराविक वेळी घंटा देऊन सर्वांनी एकदम पाणी प्यावे आणि शौचालय स्वच्छ व वापरण्याजोगे ठेवावे. याने पाठातील शब्द आचरणात येतील.

६. एक लिटरची किंमत

आता पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. मुलांना एक हिशेब घालावा. एका दिवसात एक लिटर पाण्याची तूट पडली; तर ६० किलो वजनाच्या बापास ती किती, आणि १० किलो वजनाच्या मुलास किती? एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. बापाच्या वजनाचा तो साठावा हिस्सा, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. त्यास तहान लागेल, डोके दुखेल. मुलाच्या वजनाचा मात्र तो दहावा हिस्सा, म्हणजे दहा टक्के. एवढी तूट मुलाच्या जिवावर बेतते. धरणातून एक लिटर पाणी गेले तर कोणास पत्ताही लागत नाही, आणि तान्ह्या मुलाच्या देहातून तेच एक लिटर गेले तर घर उजाड होऊ शकते. हगवणीत व वांतीत एवढे पाणी काही तासांतही जाते.

अशा वेळी पुष्कळ घरांत मुलाचे पाणी तोडतात. ‘पाणी दिले की पाण्यासारखेच होते,’ अशी समजूत असते. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहता ही समजूत किती घातक आहे हे स्पष्ट होते. कारण खर्चाचे दार उघडे असताना जमेचे दार बंद करणे असा तिचा अर्थ होतो.

नुसते पाणीही पुरेसे नसते. हगवणीबरोबर शरीरातील मीठही जाते. शिवाय आतड्यात साखर व मीठ एकत्र शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. हगवणीतही ही वाट बहुधा शाबूत राहते. याच तत्त्वावर जलसंजीवनी तयार झाली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडावाटे देण्याचा मार्ग धरला. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

जलसंजीवनीची पाकिटे आरोग्य उपकेंद्रात व आशाताईंकडे मिळतात. पाकिटावर लिहिलेले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ते पूर्ण विरघळवावे. पाकीट हाती नसेल तर उकळून गार केलेले एक लिटर पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ यापेक्षा अधिक घालू नये. अधिक मीठ अपायकारक असते. तयार पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने अथवा घोटघोट द्यावे. वांती झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये.

मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, तान्ह्याची टाळू खोल दिसली, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली असता हळूहळू पूर्ववत होऊ लागली, लघवी थांबली, मूल पाणी पिईनासे झाले अथवा शौचावाटे रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. वाटेतही, ते पिऊ शकत असेल तोवर, घोटघोट पाजीत राहावे.

७. स्वाध्याय

(१) जून ते सप्टेंबर या काळात सरळ बाजूंच्या सपाट तळाच्या डब्यात पाऊस साठवून, रोज ठराविक वेळी पट्टीने मोजून, तक्ता ठेवावा. महिन्याची बेरीज आपल्या शाळेच्या छपरास लावून लिटर काढावेत.
(२) घरातील माठ, झाकलेला हंडा व उघडी बादली यांतील पाण्याची पातळी संध्याकाळी व सकाळी मोजावी. कोणाचा खर्च अधिक झाला व का, ते लिहावे.
(३) पाल, चिमणी, म्हैस, बेडूक व निवडुंग यांपैकी प्रत्येकाची पाणी राखण्याची एक युक्ती लिहावी.
(४) जलसंजीवनी करण्याची कृती प्रत्येक मुलाने वर्गात स्वतः करून दाखवावी आणि घरी आई, आजी व मोठ्या बहिणीस समजावून सांगावी.

शेवटचा स्वाध्याय गुणांसाठी नाही. तो न चुकता, प्रत्येक मुलाकडून, पावसाळा सुरू होण्यापूर्वी अथवा शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात करवून घ्यावा. हगवणीचे दिवस तेव्हाच येतात. पाण्याच्या चक्राचे चित्र एखादे मूल विसरले तरी फारसे बिघडणार नाही; पण धाकट्या भावंडास हगवण लागली असता हातात वाटी-चमचा घेऊन त्याच्याजवळ बसणारी एक मुलगी जरी वर्गातून तयार झाली, तरी हा पाठ नीट शिकविला गेला असे शिक्षकांनी खुशाल समजावे.